राखणीपुरतं आपलं

ज्या कुत्र्याला घराचा उंबरा ओलांडू देत नाहीत, त्याला लस टोचायचीही गरज नसते, अशी समजूत आपल्या वाड्यावस्त्यांवर आणि बंगल्यांच्या कंपाउंडात सारखीच घट्ट बसलेली आहे. गादीवर झोपणारं कुत्रं नाजूक, त्याला डॉक्टर. गोठ्यात, गेटजवळ, विहिरीवरच्या मोटरीपाशी बांधलेलं कुत्रं काटक, त्याला काही होत नाही. तालुक्याच्या गावी जनावरांची डॉक्टर म्हणून माझी उमेदीची सगळी वर्षं गेली, आणि या समजुतीला अज्ञान म्हणायला मी तयार नाही. जो माणूस डाळिंबावर तेल्या दिसायच्या आत फवारणी करतो, कोंबड्यांना पाण्यातून मानमोडीची लस पाजतो, म्हशीला लाळ्या-खुरकुताची सुई मारायला सकाळी शाळेच्या पटांगणात रांग लावतो, त्याला रोग यायच्या आधी काय करायचं ते पक्कं ठाऊक असतं. कुत्र्यापाशी आला की तोच माणूस हात आखडता घेतो. कुत्रं दूध देत नाही, बाजारात विकलं जात नाही, मेलं तर दुसरं फुकट मिळतं. काटकपणाची गोष्ट या हिशेबावर घातलेलं पांघरूण आहे.

खरं तर बाहेर बांधलेल्या कुत्र्यालाच रोगाची गाठ आधी पडते. रस्त्यानं जाणारं प्रत्येक भटकं कुत्रं त्याच्याजवळ येऊन हुंगतं, मुततं, घाण करून जातं. ते पावसाच्या डबक्यातलं पाणी पितं, आणि त्याच डबक्यात रात्री उंदीर मुतलेले असतात. गोठ्याच्या भिंतीच्या फटीत गोचिडांची अंडी असतात आणि भिंतीला टेकूनच त्याचं अंग असतं. साखळीला बांधलेलं असल्यानं त्याला यातल्या कशापासूनही लांब सरकता येत नाही. फ्लॅटमधल्या कुत्र्याला लस हवी यात वादच नाही, पण दोघांपैकी एकालाच टोचायची वेळ आली, तर मी सुई घेऊन आधी गोठ्याकडे जाईन.

काटकपणाचा पुरावा म्हणून लोक मला दारातलं म्हातारं कुत्रं दाखवतात. ‘ह्याला बारा वर्सं झाली मॅडम, एक सुई मारली न्हाई.’ मी विचारते, याच्या पाठची बाकीची पिल्लं कुठं आहेत? तेव्हा गप्प बसतात. ती उकिरड्यावर गेली, ओढ्यात गेली, काही रस्त्यावर चिरडली. कुणी मोजली नाहीत. एका विणीतली पाच मरतात आणि सहावं उरतं, त्या उरलेल्याकडे बोट दाखवून सगळी जात काटक ठरवायची, ही उघड लबाडी आहे. गावठी कुत्र्याचं शरीर आपल्या हवेला सरावलेलं असतं, हस्कीसारखं ते एप्रिलच्या उन्हात कोलमडत नाही, हे मला मान्य आहे. पण विषाणूच्या लेखी गावठी आणि जातिवंत असा भेद नसतो. अंगात त्या विषाणूविरुद्धची प्रतिकारशक्ती तयार आहे की नाही, एवढ्यावरच सगळं ठरतं. ती दोनच वाटांनी तयार होते. एक तर रोग होऊन त्यातून वाचावं लागतं, नाही तर लस घ्यावी लागते. पहिल्या वाटेवर बहुतेक पिल्लं मरतात.

पार्वोबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आमच्याकडं सगळ्यात जास्त पिल्लं यानंच मरतात आणि सगळ्यात जास्त खोटंही याच्याचबद्दल बोललं जातं. गावात याला रक्ताची हगवण म्हणतात, कुणी गॅस्ट्रो म्हणतात. एका वस्तीवर मला बोलावलं तेव्हा पिल्लू गोठ्याच्या कडेला पोत्यावर आडवं पडलेलं होतं. वास आधी आला. ज्यानं एकदा घेतलाय त्याला तो पुन्हा ओळखायला वेळ लागत नाही, सडलेल्या मांसाचा आणि रक्ताचा गोडसर, नाकात बसणारा वास. मागचे पाय माखलेले. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहिली, खाली बसेना, इतकं अंगातलं पाणी गेलेलं. ओठ वर केला तर हिरड्या पांढऱ्याफटक. थर्मामीटर लावला तर ताप नाही, उलट अंग गार पडत चाललेलं. तेवढ्यातही त्यानं मालकाच्या आवाजाकडं कान वळवला. मालक म्हणाले, ‘काल सांजच्याला भाकरी खाल्ली हुती की वो मॅडम. येकाएकी झालं समदं.’

एकाएकी झालेलं नव्हतं. पार्वोचा विषाणू तोंडावाटे पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात. त्या दिवसांत तो घशाच्या गाठींत वाढतो, रक्तात उतरतो आणि जिथं पेशी भराभर वाढतात तिथं जाऊन बसतो, म्हणजे आतड्याच्या अस्तरात आणि हाडांच्या मगजात. आतड्याचं अस्तर गळून पडतं, म्हणून रक्त येतं. मगजावर घाला पडल्यानं पांढऱ्या पेशी तयार होईनाशा होतात, म्हणून आतड्यातले जंतू थेट रक्तात शिरले तरी त्यांना अडवायला कुणी नसतं. पिल्लू पाणी कमी होऊन मरतं, नाही तर रक्तात जंतू पसरून मरतं. फारच कोवळं असेल तर विषाणू हृदयाच्या स्नायूला धरतो आणि मग खेळता खेळताच पिल्लू कोसळतं. हा रोग १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. त्याआधी कुत्र्यांत तो कुणाला माहीत नव्हता. त्याला थेट मारणारं औषध आमच्या हाताशी नसतं. आम्ही सलाईन लावतो, उलटी थांबवतो, प्रतिजैविकं देतो, अंग शेकून ऊब देतो आणि पिल्लाच्या शरीराला लढायला वेळ मिळवून देतो. वेळेवर आणलं तर बरीच वाचतात. उपचारच झाले नाहीत तर दहातली नऊसुद्धा जाऊ शकतात. चार-पाच दिवसांच्या सलाईनचा खर्च लसींच्या सगळ्या डोसांपेक्षा जास्त होतो, आणि तो खर्च करायची तयारी मालक तेव्हाच दाखवतात, जेव्हा माझ्या हातात फारसं काही उरलेलं नसतं.

ते पिल्लू संध्याकाळी गेलं. एवढ्यावर थांबलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. महिन्याभरानं त्याच वस्तीवर म्हैस अडली म्हणून गेले, तर त्याच खुंटीला, त्याच साखळीला, त्याच पोत्यावर दुसरं पिल्लू बांधलेलं. पोतं धुतलंसुद्धा नव्हतं. पार्वोचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने, सावलीची ओलसर जागा असली तर वर्षभरही जिवंत राहतो. फिनेलनं तो मरत नाही, साध्या साबणानं मरत नाही, शेणानं सारवल्यानं तर अजिबात मरत नाही. कपडे पांढरे करायचं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, एका भागाला तीस भाग पाणी घालून, आधी घाण खरवडून काढून मग त्यावर टाकलं आणि दहा मिनिटं राहू दिलं, तर फरशी आणि भांडी निर्जंतुक होतात. मातीची जमीन तशी होत नाही. म्हणून पार्वोनं पिल्लू मेलेल्या घरात लसीचे सगळे डोस पूर्ण झालेलं कुत्रंच आणावं, कोवळं पिल्लू आणू नये. हे मी त्या मालकांना पहिल्या दिवशीच, त्यांच्या तोंडावर, दोनदा सांगितलेलं होतं. दुसरं पिल्लू आठवड्यात गेलं. त्याच्यासाठी मला बोलावलंही नाही. त्या घराला मी निष्काळजी म्हणत नाही. त्यांनी ते पिल्लू मरायलाच आणलं होतं, असं मी म्हणते.

‘एक सुई मारली होती की,’ हे दुसरं पालुपद. एका सुईचा उपयोग किती, ते शेतकऱ्याला सांगायला मला अवघड जात नाही, कारण वासराला चीक का पाजायचा ते त्याला माहीत असतं. कुत्रीच्या पहिल्या दुधातूनही पिल्लाला आईची प्रतिकारशक्ती मिळते. ती पहिले काही आठवडे पिल्लाला सांभाळते, पण तीच शक्ती लसीलाही निकामी करते. कुठल्या पिल्लात ती सहाव्या आठवड्याला संपते, कुठल्यात सोळाव्या. नेमकं कधी संपेल ते बाहेरून दिसत नाही. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी लस टोचत राहायची आणि शेवटची सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर टोचायची. म्हणजे त्यातली एक तरी योग्य वेळी लागू पडते. पहिली टोचून थांबलेला मालक आणि एकही न टोचलेला मालक यांच्या पिल्लांच्या नशिबात पुष्कळदा काडीचाही फरक नसतो. एवढंच की पहिल्याला वाटतं, आपण आपलं कर्तव्य केलं.

पिल्लं विकणाऱ्यांनी या गोष्टीचा धंदा केला आहे. कुत्र्यांच्या पैदाशी आणि विक्रीबाबतचे २०१७ चे केंद्राचे नियम सांगतात की आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. माझ्या टेबलावर महिन्याभराची पिल्लं येतात, डोळ्यांवरचा निळा पडदा अजून पुरता गेलेला नसतो. सोबत एक चकचकीत पुस्तिका असते. तीत दोन डोसांची स्टिकरं, तारीख, शिक्का आणि कुणालाही न वाचता येणारी सही. महिन्याच्या पिल्लाचे दोन डोस झालेच कसे, हे विचारायचं घेणाऱ्याला सुचत नाही, कारण वीस-पंचवीस हजार मोजलेले असतात आणि घरात मुलं नाव ठेवायला बसलेली असतात. आठवड्यानं तेच पिल्लू पोत्यावर येतं. विकणारा फोन उचलत नाही. मी असल्या लोकांना व्यापारी म्हणत नाही. रोगाची साथ पाकिटात घालून विकणारी ही माणसं आहेत, आणि त्यांच्यावर गुन्हे दाखल व्हायला हवेत.

डिस्टेंपरबद्दल बोलायचं तर आमच्या आजोबांच्या पिढीपासून सुरुवात करावी लागेल. त्या पिढीनं बुळकांडी पाहिली होती. गोठेच्या गोठे रिकामे करणारा तो रोग सगळ्या जगातून गेला, २०११ मध्ये तशी अधिकृत घोषणा झाली. कसा गेला? देवाला कौल लावून नाही, लस टोचून. कुत्र्याचा डिस्टेंपर हा त्या बुळकांडीच्याच आणि माणसाच्या गोवराच्या कुळातला विषाणू. भाऊबंदांपैकी एकाला आपण पृथ्वीवरून घालवला, आणि दुसऱ्यासाठी कधीपासून बाटलीत तयार असलेली लस आपण टोचून घेत नाही.

ही लस कशी आली तेही ऐकण्यासारखं आहे. १९०५ मध्ये कारे नावाच्या फ्रेंच संशोधकानं हा रोग बारीक गाळणीतूनही पार होणाऱ्या विषाणूनं होतो असं दाखवलं होतं, पण पुष्कळांना ते पटलं नाही. इंग्लंडातल्या शिकारी लोकांची कुत्री या रोगानं पटापट मरत होती, तेव्हा ‘द फील्ड’ या नियतकालिकानं १९२३ मध्ये वाचकांकडून निधी गोळा केला. त्या पैशावर लंडनजवळ मिल हिल इथं लेडलॉ आणि डंकिन या दोघांनी काम केलं. कुत्र्यांवर प्रयोग करणं अवघड होतं, म्हणून त्यांनी फेरेट नावाचा लांबट अंगाचा, सशांच्या बिळात शिकारीला सोडतात तो पाळीव प्राणी घेतला. फेरेटला डिस्टेंपर झाला की तो जवळजवळ हमखास मरतो. फेरेटांच्या अंगात रोग वाढवून १९२६ मध्ये विषाणूची गोष्ट कायमची सिद्ध झाली आणि लसीची वाट मोकळी झाली.  नियतकालिकातल्या आवाहनावर वाचकांनी आपल्या कुत्र्यांसाठी पैसे काढले, त्याला शंभर वर्षं झाली. शंभर वर्षांनंतर माझ्या तालुक्यात लोक मला विचारतात, ‘लस लागतीच का?’

डिस्टेंपरचं कुत्रं आधी नुसतं सर्दी झाल्यासारखं दिसतं. डोळ्यांत पिवळा पू, नाक वाळून भेगाळलेलं, खोकला, ताप. चार-आठ दिवसांनी ते जरा बरं होतं, खायला लागतं, आणि मालक मला फोन करून सांगतात की तुमच्या औषधाशिवायच बरं झालं. त्यानंतर काही आठवड्यांनी एक पाय सारखा उडायला लागतो, झोपेतसुद्धा उडतो. पावलांच्या गाद्या जाड, टणक होतात, चालताना फरशीवर खटखट वाजतात. मग झटके येतात. जबडा च्युइंगम चघळल्यासारखा आपोआप हलतो, तोंडाला फेस येतो. आणि इथं गाव गोळा होतं. कुणी तरी ओरडतं, पिसाळलं! मग काठ्या, दगड. बारा महिने ज्याच्या भुंकण्यावर विसंबून हे लोक झोपले, त्याला दारातच ठेचतात. फेस आलेल्या, झटके येणाऱ्या कुत्र्याला हात लावू नये, हे बरोबरच आहे. रेबीज आहे की डिस्टेंपर हे नुसत्या डोळ्यांनी कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही, मीही नाही. पण दोन्हींची लस असते. दोन्ही टोचलेल्या असत्या तर ही वेळच आली नसती.

आणि हा रोग फक्त तुमच्या दारापुरता राहत नाही. १९९४ मध्ये टांझानियातल्या सेरेंगेटीत या विषाणूनं जवळजवळ एक तृतीयांश सिंह मारले. आसपासच्या गावांतली बिनलसीची कुत्री तिथं रोगाचा साठा होती. २०१८ मध्ये गीरच्या दलखाणिया भागात काही आठवड्यांत २३ सिंह मेले, तपासणीत त्यांच्यापैकी काहींत डिस्टेंपरचा विषाणू सापडला आणि सरकारला परदेशातून लस मागवावी लागली. आपल्याकडं अकोले परिसरातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा निघाला. उसातला बिबट्या तुमच्या वस्तीवरचं आजारी कुत्रं उचलून नेतो, तेव्हा तो काय काय घेऊन जातो, याचा विचार वन्यजीव सप्ताहाचे फलक लावणाऱ्यांनी करावा. जंगलाच्या कडेच्या गावांतल्या कुत्र्यांना लस टोचणं हे वनखात्याचं काम आहे, असं मी स्पष्ट म्हणते.

लेप्टो आणि गोचीडताप यांच्याबद्दल थोडक्यात सांगते. लेप्टो उंदराच्या मुतातून पाण्यात जातो, पाण्यातून कुत्र्यात. मूत्रपिंडं आणि यकृत जातं, डोळे पिवळे पडतात. लेप्टो माणसालाही होतो. कोकणात आणि मुंबईत पाऊस लागला की माणसं यानं मरतात हे दरवर्षी छापून येतं, पण अंगणातल्या कुत्र्याला पावसाळ्याआधी लेप्टोची लस द्यावी, हे त्याच बातमीत कुणी लिहीत नाही. गोचीडताप कपटी. जंतू महिनोन्‌महिने अंगात दबून राहतात आणि एक दिवस कुत्र्याचा घोळणा फुटतो, हिरड्या पांढऱ्या होतात, नाकातलं रक्त थांबत नाही. याला लस नाही. गोचीड होऊ न देणं हाच इलाज. एक मादी हजारोंनी अंडी घालते आणि ती भिंतीच्या फटीत घालते, म्हणून नुसतं कुत्र्याचं अंग साफ करून भागत नाही, फटी लिंपाव्या लागतात.

इथं आमच्याकडचा सगळ्यात संतापजनक प्रकार सांगते. गोचिडांसाठी कपाशीवर मारायचं औषध अंदाजानं पाण्यात मिसळून कुत्र्यावर ओततात. तोच पंप, तेच टोपण. कुत्रं अंग चाटतं, लाळ गळायला लागते, थरथरतं, आणि माझ्याकडं येतं तेव्हा मालक सांगतात की ‘येकाएकी’ झालं. खरूज झाली की इंजिनाचं जळकं ऑईल चोपडतात. ताप आला की घरातली माणसाची अंगदुखीची गोळी देतात. डायक्लोफिनॅक आणि आयब्युप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं बंद पडतात. मेडिकलवाला वजन न विचारता ती गोळी काढून देतो. अजूनही कुठं कुठं डाग देतात. हे करणाऱ्या हातांना गायीचं औषध मात्र डॉक्टरलाच विचारून द्यायचं असतं. म्हणजे अक्कल आहे. ती वापरायची कुणासाठी, एवढं ठरवलेलं आहे.

आता माझ्या बिरादरीकडं वळते, कारण सगळा राग शेतकऱ्यावर काढणं अन्यायाचं होईल. लस दोन ते आठ अंश सेल्सियसमध्ये ठेवावी लागते. तालुक्यात वीज किती वेळ असते ते सगळ्यांना माहीत आहे. दिवसभर लोडशेडिंगमध्ये फ्रिज बंद राहिला, आणि त्यातली बाटली संध्याकाळी पिल्लाला टोचली, तर ते पाणी टोचल्यासारखंच आहे. मोटारसायकलच्या डिकीत, बर्फाशिवाय, वैशाखाच्या उन्हात लस घेऊन वस्त्या फिरणारे लोक मी पाहिले आहेत. बाटलीवरचं स्टिकर पुस्तिकेत चिकटवलं की त्यांचं काम संपतं. मालकानं पैसे मोजले, विश्वास ठेवला, पिल्लू तरी मेलं, आणि मग तो गावभर सांगत सुटतो की लसीनं काही होत नाही. त्याचं चुकलं कुठं? ज्यांनी ती बाटली टोचली, त्यांनी एका पिल्लाबरोबर सगळ्या गावाचा लसीवरचा विश्वास मारला. असल्या माणसाला मी माझा व्यवसायबंधू मानत नाही.

सरकारबद्दलही बोलायला हवं. २०१९ पासून लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेल्लासाठी देशभर फुकट लसीकरण चालू आहे आणि ते योग्यच आहे. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली, तेव्हा आम्ही माणसं, गाड्या, बर्फाचे डबे जमवून गावोगाव गोठ्यांत जाऊन गायीबैलांना लस टोचली. म्हणजे यंत्रणा आहे, मनात आणलं की ती चालते. कुत्र्यांच्या बाबतीत सरकारी योजना रेबीजपाशी थांबते, कारण रेबीज माणसाला होतो. पार्वो-डिस्टेंपरची लस मालकानं खिशातून घ्यायची. मला याचं उत्तर हवं आहे की शेळ्यामेंढ्यांच्या कळपाबरोबर डोंगर चढणारं धनगराचं कुत्रं पशुधन का नाही? लांडगा आला तर कळपातली शेळी कोण वाचवतं? त्या शेळीला पीपीआरची लस फुकट आणि तिला राखणाऱ्याला काहीच नाही. मेंढपाळांच्या आणि अल्पभूधारकांच्या कुत्र्यांना हे डोस सरकारी दवाखान्यातून फुकट मिळाले पाहिजेत, पावसाळ्यापूर्वीच्या मोहिमेतच मिळाले पाहिजेत. हा खर्च राज्याच्या तिजोरीला दिसणारसुद्धा नाही.

गरिबाला मी एका मर्यादेपलीकडं बोल लावणार नाही. हजार रुपये काढणं ज्याला जड आहे, त्याच्याशी मी कधी भांडले नाही, जमेल तिथं त्याच्या दारात फुकट टोचून आले आहे. पण फार्महाउसवाल्यांना कसली सबब? डोंगरउताराला जमीन, दगडी कंपाउंड, पोहायचा तलाव, गेटला दोन जर्मन शेफर्ड नाही तर रॉटवायलर. मालक शनिवारी येतात, रविवारी जातात. पाच दिवस कुत्री रखवालदाराच्या भरवशावर, पत्र्याच्या खोपटात. मे महिन्यात त्या पत्र्याखाली उभं राहून बघा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करतं, आणि हवाच तापलेली असली की धापांचाही उपयोग होत नाही. अंगाचा ताप एक्केचाळीस अंश सेल्सियसच्या वर गेला की मेंदू, आतडी, यकृत एकेक करून निकामी होतात. रखवालदार बिचारा मला फोन करतो, पण उपचाराचा खर्च करू का हे विचारायला साहेबांचा फोन लागत नाही. एकदा तो फोन लागला तेव्हा पलीकडून मी ऐकलं, ‘किती खर्च येईल? दुसरं घेऊ या.’ मी तो फोन विसरलेले नाही.

प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा आपला कायदा १९६० चा आहे. कुत्रं कायम साखळीला बांधून ठेवणं आणि त्याला फिरवून न आणणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. हा आकडा कित्येक दशकांपूर्वीचा आहे आणि तो अजून तसाच आहे. विधिमंडळात आणि संसदेत कुत्र्यांवर चर्चा होते ती चावण्यापुरती, मरण्यावर कुणी बोलत नाही. ज्या प्रदेशात दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात आणि खंडोबाच्या दारात कुत्र्याला नैवेद्य दाखवतात, तिथं लस न टोचता कुत्रं मरू देणं हे पाप आहे, आणि मी पाप हा शब्द पूर्ण अर्थानं वापरते आहे.

करायचं काय, तेही सांगते. पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्याशिवाय आणू नका. आणल्यावर पहिली लस लगेच, मग दर तीन-चार आठवड्यांनी, शेवटची सोळा आठवडे उलटल्यावर. तोवर त्याला रस्त्यावर, बाजारात, दुसऱ्याच्या अंगणात नेऊ नका. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची, आणि ती दरवर्षी. लेप्टोची दरवर्षी, जूनच्या आत. वर्षाचं झाल्यावर पार्वो-डिस्टेंपरचा डोस पुन्हा एकदा, त्यापुढं डॉक्टर सांगतील तसा. जंताचं औषध विसरू नका. लस फ्रिजमधून तुमच्यासमोर काढायला लावा, बाटलीवरची मुदत वाचा, लाजू नका. पिल्लानं एक वेळ खाणं सोडलं आणि उलटी केली तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री फोन करा. बांधायला सावली, वर गवताचं छप्पर, दिवसातून दोनदा स्वच्छ पाणी आणि रोज साखळीतून सुटका.

एवढं जमणार नसेल तर पिल्लू आणू नका. चोरांसाठी गेटला कुलूप लावा.